उल्कानच्या केसांचं गणित

उल्कानची वेणी कापली तेव्हा मी शाळेत नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाला चाळीस दिवस झाले होते, त्याचं जावळ काढायचं होतं, म्हणून तीन दिवसांची रजा घेऊन गेले होते. सोमवारी परत आले तर नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक टक्कल केलेली मुलगी बसलेली. क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. मग तिच्या हनुवटीवरची खोक दिसली आणि माझ्या हातातल्या वह्या टेबलावर आदळल्या. त्या आवाजाने वर्गात कुणीच दचकलं नाही. आमची मुलं बहिरी.

आमची शाळा डोंगरातल्या एका लहान शहरात आहे. ऐंशीएक मुलं, सगळी तिथेच राहणारी. आईबाप वरच्या गावांमधून मेंढ्या सांभाळतात आणि सुट्टीला मुलांना घरी नेतात. मी अनारकान, बावीस वर्षं तिथे जीवशास्त्र शिकवते; सगळे मला एजे म्हणतात, म्हणजे ताई. माझे आईवडील दोघंही बहिरे होते, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधी मी हातांनी बोलायला शिकले. शाळेत हातांची भाषा नीट येणारी मोठी माणसं तेव्हा आम्ही चारच होतो.

बहिऱ्या मुलांमध्ये प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. अक्षरं जुळवत बसायला वेळ कुणाला आहे? तिलेकच्या गालाला खळी पडते, म्हणून त्याचं नाव गालावर बोट. उल्कानचं नाव म्हणजे खांद्यावरून कमरेपर्यंत सरकत जाणारी मूठ. वेणी. पहिलीत आली तेव्हापासून तेच नाव होतं. त्या सोमवारी तिलेकने तिला खोडरबर मागायला हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. काय म्हणून हाक मारायची, त्याला कळेना.

मी तडक वसतिगृहात गेले. कालबुबू तिथली जुनी देखरेख करणारी बाई, मनाने वाईट नाही, पण हातांचे चार शब्दसुद्धा न येणारी.

"अगं, उशीवर हा एवढा पुंजका!" ती म्हणाली. "वेणी उचलून बघते तर मागे नाण्याएवढे चट्टे. नायटा असला म्हणजे? चौदा पोरी झोपतात त्या खोलीत. उद्या सगळ्यांच्या आया येऊन माझ्याच झिंज्या उपटल्या असत्या."

"तिला सांगितलंस का, काय करतेयस ते?"

"कसं सांगू, एजे? मला कुठे येतात तुमचे हातवारे? मशीन दाखवलं. ती ओरडायला लागली. मग मी आणि स्वयंपाकिणीने धरली तिला."

"कुठे धरली?"

"हात धरले. कुठे धरणार?"

मी तिथल्या पलंगावर बसले. बहिऱ्या मुलीचे हात धरणं म्हणजे तिच्या तोंडात बोळा कोंबणं. हे कालबुबूला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उल्कानला शहरातल्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने भिंगातून पाहिलं, एक केस उपटून त्याचं टोक तपासलं आणि म्हणाला, "नायटा नाही. कुणाला लागणार नाही. शरीराचे स्वतःचेच शिपाई केसांच्या मुळांना शत्रू समजून बसलेत. मुळं मेलेली नाहीत, झोपलीत. केस परत येतील, किंवा येणार नाहीत. मलम देतो." एवढं बोलून त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

हे मी तिला कसं सांगू? आमच्या भाषेत 'मूळ' आहे, पण ते झाडाचं. 'शिपाई' आहे, पण तो बंदुकीवाला. मी परतीच्या रस्त्यावर तिच्यासमोर उभी राहून हात हलवायला सुरुवात केली, आणि उल्कानने डोळे मिटून घेतले. कान असलेलं मूल रागावलं तरी तुमचा आवाज त्याच्या कानात जातोच. बहिऱ्या मुलीने डोळे मिटले की तुम्ही तिच्यासाठी उरतच नाही.

त्या दिवसापासून तिचे हात बाह्यांमध्ये गेले. जेवताना बाहेर येत, तेही थोडा वेळ. दोन आठवड्यांत तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. मुली तिच्या पलंगापासून आपले पलंग सरकवून घेत. मी नायटा नाही म्हणून दहा वेळा सांगितलं, तरी सरकवत.

एके दिवशी दुपारी जेवणानंतर मी वरच्या मजल्यावर जात होते. लांब बोळात उल्कान एकटीच चालत होती. डोळे घट्ट मिटलेले, डाव्या हाताची बोटं भिंतीवरून फिरत होती, प्रत्येक दाराच्या चौकटीशी थांबून ती उजव्या हाताचं एक बोट दुमडत होती. दारं मोजत होती. शेवटच्या दाराशी पोचली, वळली, पुन्हा सुरुवात.

मी तिच्या दंडाला हात लावला. तिने डोळे उघडले. का कोण जाणे, त्या दिवशी तिचे हात बाहेर आले, पण पट्ट्याजवळ, कुणाला दिसू नयेत इतके लहान लहान हलले.

"तीन वर्षांची होते, ताप आला, सुया टोचल्या, कान गेले. आता केस गेले. पुढे डोळे जाणार. मग तुमचे हात मला दिसणार नाहीत. कुणाचेच दिसणार नाहीत. आतापासून सवय करून ठेवते."

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी उभी राहिली.

त्या रात्री मला झोप लागली असं म्हटलं तर खोटं होईल. पंधरा वर्षांची मुलगी, सहा वर्षं माझ्याकडे जीवशास्त्र शिकलेली, आणि तिला वाटतं की माणूस असा एकेक अवयव गळत मरतो. मग मी सहा वर्षं काय शिकवलं? फळ्यावर चित्रं काढली, नावं पाठ करून घेतली. एक गोष्ट दुसरीमुळे होते आणि तिसरीमुळे होत नाही, हे कधी दाखवलंच नाही.

सकाळी मी एसेनकुल आगायना, म्हणजे एसेनकुल सरांना, गाठलं. गणिताचे आणि संगणकाचे मास्तर, साठीचे, डोक्यावर एक केस नाही, उजव्या कानाने निम्मं ऐकतात. नऊ जुने संगणक त्यांनी एकमेकांचे सुटे भाग घालून जिवंत ठेवले होते.

"आगाय, केस कसे वाढतात ते पडद्यावर करून दाखवता येईल का? चित्र नको. नियम घालायचे, आणि पुढे काय होतं ते बघायचं."

"माझी थट्टा करायला दुसरा विषय सापडला नाही का, अनारकान?" त्यांनी टोपी काढून टक्कल दाखवलं. "इथे बघ, प्रयोग केव्हाच संपला."

मी त्यांना बोळातलं सगळं सांगितलं. त्यांनी टोपी परत घातली आणि संगणक सुरू केला.

आम्ही पडद्यावर चाळीस ओळींत चाळीस-चाळीस चौकोन आखले. प्रत्येक चौकोन म्हणजे केसाचं एक मूळ. मूळ तीन गोष्टी करतं: वाढतं, थांबतं, जुना केस टाकून झोपतं. वाढीचा आकडा मुलांनीच काढला. सहा जणांनी एकमेकांच्या कानामागे एका-एका जागी केस बारीक कापले आणि दर शनिवारी पट्टी लावली. महिन्याला एक सेंटीमीटर भरला. त्यांच्यातली गुल्साना म्हणाली, "हे पुस्तकात आहे!" जणू पुस्तकाने तिची नक्कल केली होती.

मग प्रश्न आला, झोपलेलं मूळ उठतं कसं? शेजाऱ्यांकडून त्याला निरोप मिळतो, हे काही मुलांना कळेना. तेव्हा मला वसतिगृहातली सकाळ आठवली. घंटा कुणाला ऐकू येत नाही. कालबुबू दाराजवळच्या मुलीला हलवते, ती शेजारणीला, ती पुढचीला. शेवटचा पलंग उठेपर्यंत पहिलीचं तोंड धुऊन झालेलं असतं. मी मुलांना वर्गात जमिनीवर झोपवलं आणि तसंच उठवलं. तिलेक लगेच उठून बसला. "एजे, नियम हाच! शेजारी दोघं जागे असतील तर झोपलेला उठतो!" आगायनी तो नियम घातला आणि पडद्यावर केस उगवण्याची लाट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मुलं पाय आपटायला लागली. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजतात, जमीन हादरते ना.

उल्कान बाकावरून बघत होती. हात बाह्यांमध्ये, पण बघत होती.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला घाई झाली होती. मला वाटलं, आता शिपाई घालू, म्हणजे तिला कळेल तिच्या डोक्यात काय चाललंय. आगाय म्हणाले, "आधी आपण दोघं चालवून बघू." मी म्हटलं, "मुलांसमोरच बघू, तेही शिकणं आहे." आगायनी नियम लिहिला: शिपाई मुळाजवळ आला की मूळ झोपतं, आणि शिपाई शेजारच्या मुळाकडे सरकतो. बटण दाबलं.

मधोमध एक काळा ठिपका पडला. वाढला. दुसरा पडला, तोही वाढला. दोन्ही एकमेकांना मिळाले. शिपायांनी परत कधी जायचं, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. ते थांबले नाहीत. मिनिटभरात सगळा पडदा काळा झाला, आणि तसाच राहिला.

उल्कान उठली. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. 'मला जे माहीत होतं ते तुम्हीही दाखवलंत', एवढंच होतं त्या नजरेत. ती वर्गाबाहेर गेली. संध्याकाळी जेवायच्या वेळी तिचा पलंग रिकामा, पेटी गायब. दुपारच्या व्हॅनने ती एकटी गावाला निघून गेली होती.

तिच्या वडिलांचा फोन आला, पोचली म्हणून. "आता पाठवत नाही," मामबेत म्हणाला. "वेणीसकट पाठवली होती, टक्कल करून परत पाठवलीत."

शनिवारी मी निघाले. आगायनी आपला लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कोटाच्या आत ठेव, थंडीने मरतो तो. आणि शिपायांना परत जायचा नियम घातलाय. आकडा मात्र अंदाजाने टाकलाय, सांगून ठेवतो."

मामबेतचं घर गावाच्या टोकाला, गोठ्याला लागून. उल्कानची आई तुर्दूगुल दारातच उभी. आत ये म्हणाली नाही, पण बाजूला झाली. चहा ठेवला, पिठाचे तळलेले बोरसोक पुढे केले. पाहुणा आहे म्हटल्यावर तेवढं करावंच लागतं.

"कशाला आलात, एजे? उरलेलं काय कापायचंय?"

"माफी मागायला आले."

"मशिदीतल्या मोल्डोकडे नेली तिला. त्याने फुंकर घातली. माझ्या आत्याने लसूण चोळला. कातडी सोलवटली, केस नाही आला. मुलीला कान नाहीत, ठीक. हात चालतात, कामाची आहे, कुणीतरी करून घेईल म्हणत होते. आता? बिनकानाची आणि बिनकेसाची? पोरगी दिवसभर डोळे मिटून घरात फिरते, एजे! चुलीवर हात ठेवला तिने परवा. काय झालंय तिला? मला सांगत नाही. मला कुठे येतं तिचं बोलणं!"

मी तिला बोळातली गोष्ट सांगितली. बारा वर्षांत त्या आईला पहिल्यांदा कळलं की मुलीला कान जाताना आठवतात. ती खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

उल्कान मागच्या खोलीत लोकर निवडत बसली होती. डोक्याला रुमाल, उजव्या हाताला चिंधी. एक भुवई अर्धी गेलेली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, लॅपटॉप उघडला. ती उठून गेली नाही. पडद्यावर काळा ठिपका पडला, वाढला, थांबला. मग कडेने आत भरत आला.

तिने हात बाहेर काढले. "त्या दिवशी सगळं काळं झालं. आज का नाही?"

"त्या दिवशी आम्ही एक नियम विसरलो होतो. शिपाई परत जातात."

"केव्हा?"

"इथे आकडा आहे. साठ दिवस."

"साठ कुणी सांगितलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "कुणी नाही. आगायनी अंदाजाने टाकला. खरा आकडा कुणालाच माहीत नाही. डॉक्टरलाही."

मग तिने स्वतः आकडा बदलला. सहाशे. पडदा काळा झाला. तीस. ठिपका पडला आणि लगेच भरला. पुन्हा सहाशे. पुन्हा काळा. मग बोट डोळ्यांकडे नेलं.

"हे कुठे आहेत?"

"डोळे यात नाहीत. शिपाई केसांच्या मुळांवर जातात. म्हणून बघ, कितीही वेळा चालव, डोळे..."

"तुम्ही घातलेच नाहीत," तिचे हात आता मोठे हलत होते, पट्ट्याजवळ नाही, छातीसमोर. "तुम्ही शिपाई परत जायचं विसरलात तर सगळं काळं झालं. डोळे घातले नाहीत म्हणून डोळे जात नाहीत. हे यंत्र जे घालाल तेच सांगतं! मग ते मला काय सांगणार?"

बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला इतका खरा प्रश्न विचारला नव्हता. मला रडू आलं. आनंदाचं नाही. माझ्यापाशी जे काही होतं ते मी तिच्यापुढे ठेवलं होतं आणि तिने ते दोन हातांनी मोडून दाखवलं होतं.

"बरोबर आहे तुझं," मी हातांनी म्हटलं. "यंत्राला विचारून चालणार नाही. डोळ्यांना विचारावं लागेल. राजधानीत डोळ्यांचा डॉक्टर आहे. मी येते. तू विचार, मी तुझे हात त्याला तोंडाने सांगते. एकही शब्द गाळणार नाही."

दारात मामबेत उभा होता, किती वेळ कोण जाणे. त्याला आमचं काही कळलं नव्हतं. पण मुलीचे हात पुन्हा चालताना त्याने पाहिले. "काय म्हणतेय ती?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "दोन मेंढ्या विकायच्याच होत्या. मंगळवारी निघू."

राजधानीतली डोळ्यांची डॉक्टरीण तरुण होती. उल्कानने तिला अकरा प्रश्न विचारले, कागदावर लिहून आणले होते. शिपाई डोळ्यांवर जातात का? किती जणांच्या जातात? तुम्ही किती जणांचे डोळे बघितले? कान गेले ते यामुळेच का? डॉक्टरीण आधी माझ्याकडे बघून बोलत होती. उल्कानने तिच्या टेबलावर टकटक केलं आणि स्वतःकडे बोट दाखवलं. त्यानंतर ती उल्कानकडे बघून बोलली. डोळ्यांत थेंब घातले, दिवा टाकला, तासभर तपासलं. डोळे निरोगी होते. कान औषधाने गेले होते, त्याचा केसांशी संबंध नव्हता. "अगदी शंभर टक्के कधीच जाणार नाहीत, असं मी कुणालाच सांगत नाही," ती म्हणाली, "माझ्या स्वतःच्या डोळ्यांबद्दलही सांगता येणार नाही. पण या आजाराने डोळे जात नाहीत." मी शब्दन् शब्द हातांनी सांगितला. मामबेत दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. उल्कान त्याच्या शेजारी बसून राहिली. त्याला काय सांगावं हे तिलाही येत नव्हतं.

ती शाळेत परत आली, पण अट घालून. कालबुबूने चाळीस शब्द शिकायचे आणि शिकवणार उल्कान. हिवाळा संपेपर्यंत कालबुबूचे सव्वीस झाले. 'माफ कर' हा शब्द कालबुबूने कितव्या दिवशी विचारला, हे उल्कानने मला सांगितलं नाही. वर्गाने उल्कानला नवं नाव द्यायचं ठरवलं, तर ती भडकली. "माझं नाव माझं आहे. वेणी असो नसो." मूठ पुन्हा खांद्यावरून कमरेपर्यंत सरकायला लागली, मधे काही नसताना.

केस मात्र आले नाहीत. मार्चमधल्या नोवरूजच्या सणापर्यंत दुसरी भुवई गेली, मग पापण्या. वारा सुटला की तिचे डोळे चुरचुरत आणि ती शिव्या घालत असे. एकदा मी तिला स्नानगृहात आरशासमोर हुंदके देताना पाहिलं. मी दार ओढून घेतलं. काही गोष्टींत शिक्षिकेने आत जायचं नसतं.

पण आठवड्यातून तीन दुपारी ती आगायांशेजारी बसे. स्वतःच्या डोक्याचे फोटो चौकोन आखून मोजले, कुठली जागा कधी रिकामी झाली ते आकड्यांत भरलं, आणि शिपायांचा आकडा अंदाजाने नाही तर त्यावरून काढला. जूनमध्ये तिच्या मॉडेलने सांगितलं की मागच्या बाजूने चौदा महिन्यांत केस यायला लागतील. तिने ती तारीख वहीवर लिहिली. सगळ्यांना ती पाठ होती. तुर्दूगुल तर दर आठवड्याला मला फोन करून विचारायची, "किती राहिले, एजे?"

गेल्या ऑगस्टमध्ये चौदा महिने झाले. उल्कान सुट्टी असूनही व्हॅनने शाळेत आली. आगायनी तिच्या रुमालाखालची प्रत्येक जागा भिंगातून पाहिली, दोनदा पाहिली, आणि भिंग खाली ठेवलं. मला तिच्याकडे बघवेना.

तिने वही उघडली, तारखेपुढे लिहिलं, 'चूक'. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या एकटीच्या डोक्यावरून आकडा निघणार नाही. आणखी डोकी लागतील. राजधानीतल्या त्या डॉक्टरिणीला पत्र लिहायचंय, तिला असे आणखी रुग्ण माहीत असतील. तुम्ही शुद्धलेखन बघा, मजकूर मी लिहिते."